रोप्पोंगी: दोन फलाट, एकाखाली एक

श्रोतेहो, नमस्कार. तोक्योच्या भुयारी रेल्वेचं सगळ्यांत खोल स्थानक म्हणजे रोप्पोंगी. ओएदो मार्गाचा इथला 1 नंबरचा फलाट जमिनीखाली 42.3 मीटरवर, तळघराच्या सातव्या मजल्यावर आहे. 2 नंबरचा त्याच्या वर, पाचव्या मजल्यावर.

इतकं खाली जायचं कारण साधं. हिबिया मार्गाचं रोप्पोंगी स्थानक 1964 सालीच झालं होतं. ओएदोची गाडी इथे आली 12 डिसेंबर 2000 रोजी. उशिरा येणाऱ्याला वरची जागा कोण देणार? आणि खोल खणायचं तर बोगदा बारीक हवा, नाहीतर खर्च आवरत नाही. म्हणून या गाडीला रेषीय मोटर आहे. डब्याखाली चपटी मोटर, दोन रुळांच्या मधोमध धातूची पट्टी, आणि त्यांच्यातल्या चुंबकीय ओढीवर गाडी पळते. चाकांकडे काम उरतं ते भार पेलायचं आणि गाडी रुळांवर ठेवायचं. फिरत्या मोटरीची उंची वाचली, डबा खाली बसला, बोगद्याचा आतला व्यास 4.3 मीटरवर भागला. उंच माणसाला डबा जरा ठेंगणा वाटतो, ते मात्र खरं.

आता नवखा हमखास फसतो ती जागा. ओएदो मार्ग पूर्ण वर्तुळ नाही, इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा आहे. शेपूट आणि वेटोळं तोचोमाए स्थानकात जुळतात. तुम्हाला रोप्पोंगीहून शिंजुकूला किंवा तोचोमाएला जायचंय. 1 नंबरवर गाडी उभी, पाटीवर ‘तोचोमाए’. बसलात की संपलं! ती दाइमोन, र्योगोकुवरून शहराला वळसा घालून तोचोमाएला पोचते. जवळची गाडी वर, 2 नंबरवर, आणि तिच्या पाटीवर बहुधा हिकारिगाओका, म्हणजे शेपटाच्या टोकाचं स्थानक, असतं. तिने शिंजुकू चौथं स्थानक, तोचोमाए पाचवं.

पाटीपेक्षा स्थानकांचे क्रमांक बघावेत; ओएदोच्या क्रमांकाआधी ‘ई’ हे अक्षर असतं. रोप्पोंगी ई-23, शिंजुकू ई-27, तोचोमाए ई-28. पुढचं स्थानक ई-24 असेल तर बरोबर. ई-22, म्हणजे अझाबु-जूबान आलं तर तिथेच उतरून उलटी गाडी धरा.

तिकिटाचंही तसंच. ओएदो ही तोएईची, म्हणजे तोक्यो महानगर सरकारच्या रेल्वेची, तर हिबिया तोक्यो मेट्रो या वेगळ्या कंपनीची. नुसता तोक्यो मेट्रोचा 24 तासांचा पास ओएदोच्या फाटकावर चालत नाही. दोन्हीकडे फिरणाऱ्या पर्यटकाने 24, 48 किंवा 72 तासांचं तोक्यो सबवे तिकीट घ्यावं. सुइकासारखं, आधी पैसे भरून फाटकावर टेकवायचं कार्ड असेल तर एका कंपनीतून दुसरीत बदलताना मिळणारी 70 येनची सूट आपोआप वजा होते.

सरकत्या जिन्यांचे टप्पे बरेच आहेत. रस्त्यावरून फलाटापर्यंत दहा मिनिटं हाताशी ठेवा, आणि जड बॅग असेल तर आधी लिफ्ट कुठल्या दाराजवळ आहे ते नकाशात पाहून मगच खाली उतरा.