तीनशे पन्नास, पण कुठल्या सालचं?

शेवरोलेचं 350 घन इंचाचं व्ही-8 इंजिन म्हणजे आपल्या हिशेबात 5.7 लिटर. बोअर (सिलिंडरचा व्यास) 4 इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 3.48 इंच. 1967 च्या कॅमेरो गाडीत ते आलं आणि पार 90 च्या दशकातल्या पिकअप ट्रकपर्यंत हे दोन आकडे हलले नाहीत. घोटाळा तिथेच होतो. माप तेच म्हणजे सामानही तेच, असं धरून माणूस अमेरिकेतून पार्ट मागवतो, भाडं भरतो, कस्टम भरतो आणि खोकं उघडल्यावर डोक्याला हात लावतो.

काही गोष्टी खरंच सरसकट चालतात. क्रॅंक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला दांडा. त्याचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, मेन जर्नल 2.45 इंच आणि रॉड जर्नल 2.10 इंच, हे 350 मध्ये शेवटपर्यंत तसंच राहिलं, त्यामुळे बेअरिंगची चिंता नाही. चिंता क्रॅंकच्या मागच्या टोकाची.

1985 पर्यंत मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं होतं. 1986 पासून ते एकसंध गोल झालं. बदल नुसता रबराचा नाही. सील गोल करायचं म्हणून क्रॅंकची मागची फ्लॅंज (बोल्ट लावायची चकती) गोल आणि लहान केली, तेव्हा तिच्यावर बसणाऱ्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, बोल्टचं वर्तुळ 3.58 इंचांवरून 3 इंचांवर आलं. जुन्या फ्लॅंजवर तोलासाठी थोडं जास्तीचं वजन असायचं, त्याला आता जागाच उरली नाही. ते वजन फ्लायव्हीलवर किंवा ऑटोमॅटिक गाडीत त्याच्या जागी असणाऱ्या पातळ फ्लेक्सप्लेटवर गेलं. जुनी प्लेट नव्या क्रॅंकला बसतच नाही, ते एका परीने बरंच. खरा धोका बाजारात मिळणाऱ्या 3 इंची पॅटर्नच्या, पण वजन नसलेल्या प्लेटचा आहे. ती वेगळ्या तोलाच्या आफ्टरमार्केट क्रॅंकसाठी असते. मूळ क्रॅंकवर ती छान बसते, बोल्ट आवळले जातात, आणि गाडी सुरू झाली की थरथर सुटते. मग माणूस इंजिन माउंट बदलत बसतो.

ऑइल संप, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, तोही याच रांगेतला. 1974 पर्यंत पुढचं सील पातळ, 1975 ते 85 जाड, 86 पासून एक-तुकडी गॅस्केट. शिवाय तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, 1979 पर्यंत ड्रायव्हरच्या बाजूला, 1980 पासून पलीकडे. इथे ड्रायव्हरची बाजू म्हणजे डावी, गाडी अमेरिकन आहे. संप घेताना सील आणि डिपस्टिक दोन्ही जुळवून बघा. जाड सीलच्या संपाला पातळ सील घातलं तर पुढून तेल गळणार, कितीही सिलिकॉन फासा.

आता हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्हचं झाकण. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण बोल्ट निम्म्याहून जास्त बसतात. 1987 मध्ये लोखंडी हेडवरच्या व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट कडेवरून मधोमध आले, हे लगेच दिसतं. त्याच वेळी इनटेक मॅनिफोल्डच्या (हेडकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागाच्या) बारापैकी मधल्या चार बोल्टचा कोन 90 अंशांवरून 72 अंशांवर गेला, हे कुणाला दिसत नाही. जुना मॅनिफोल्ड ठेवला की कडेचे आठ बोल्ट सरळ उतरतात. मधले चार तिरके अडतात, आणि पाना जोरात मारला की हेडचे आटे गेले. भोकं नीट लांबट करून आणि बोल्टच्या डोक्याला सपाट बैठक देऊन काम भागतं. पण ते मशीनवर करायचं काम आहे, हातातल्या ड्रिलने नाही. 1996 च्या व्होर्टेक नावाच्या हेडला तर आठच बोल्ट असतात, त्याला मॅनिफोल्ड वेगळाच लागतो. तिथे टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर, 11 फूट-पाउंड, जुन्या हेडसारखा 30 लावायचा नाही.

रॉकरचंही, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या तरफेचंही, पाहून घ्या. मधल्या बोल्टच्या हेडवर रॉकर स्वतःच व्हॉल्व्हच्या टोकाला धरून राहतो, त्याच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी कडा असतात. जुन्या हेडमध्ये रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांडीचं, पुशरॉडचं, अरुंद भोक ते काम करतं. जुना साधा रॉकर नव्या हेडवर टाकला तर तो व्हॉल्व्हवरून घसरतो. दोन्ही सोयी एकत्र केल्या, म्हणजे कडांचा रॉकर आणि पुशरॉडला सरळ धरणारी गाइड प्लेट, तर दोघं एकमेकांशी भांडतात आणि व्हॉल्व्हचं टोक झिजतं.

यात 1986 हे साल मधलं आहे. सील नवं, पण लोखंडी हेड आणि सपाट टॅपेट (कॅमवरून पुशरॉड उचलणारे तुकडे) जुने. रोलर टॅपेट 1987 पासून, तेही कारमध्ये. ट्रकमध्ये सपाट टॅपेट पुढेही चालू राहिले. म्हणून नुसतं साल सांगून भागत नाही. त्यात अमेरिकेत 86 चं मॉडेल 85 च्या शरद ऋतूतच बाजारात येतं.

ब्लॉकलाच विचारा. मागे, गिअरबॉक्सचं कवच (बेलहाउसिंग) जोडायच्या फ्लॅंजवर, ड्रायव्हरच्या बाजूला कास्टिंग नंबर असतो. 3970010 म्हणजे 1969 ते 79 चा दोन-तुकडी सीलचा ब्लॉक, 14093638 म्हणजे 87 नंतरचा एक-तुकडीचा. त्याच फ्लॅंजवर ओतकामाची तारीख असते: ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग बहुधा सालाचा फक्त शेवटचा आकडा. ‘सी 14 6’ म्हणजे 14 मार्च, पण 76 की 86? तारीख एकटी वाचायची नाही, नंबरबरोबरच वाचायची. ग्रीस खरवडून, वायर ब्रश मारून, खडू घासून मोबाइलवर फोटो काढा आणि तोच दुकानदाराला पाठवा.

पाण्याचा पंप घेताना पट्टा बघा. साध्या व्ही-पट्ट्याच्या इंजिनाचा पंप एका दिशेने फिरतो, सर्पेंटाइन पट्ट्याच्या बऱ्याच इंजिनांचा उलट दिशेने. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखेच. चुकीचा बसवला तर गळत नाही, आवाजही करत नाही, फक्त गाडी तापते, आणि संशय थर्मोस्टॅटवर जातो.