सत्तेचाळिशीतलं दिल्लीचं सुवर्ण

नमस्कार मंडळी, 2010 चे दिल्लीतले कॉमनवेल्थ गेम्स आठवतायत ना? आपण सगळे तेव्हा टीव्हीला चिकटून नेमबाजी, कुस्ती, बॅडमिंटन बघत होतो, आणि त्याच दिवसांत जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या आवारात एका हिरवळीवर वेल्सचा एक 47 वर्षांचा माणूस वाकून शांतपणे चेंडू सोडत होता. रॉबर्ट वील त्याचं नाव. त्याच्याबद्दल मला आज बोलायचंय, कारण आपल्याकडे त्याची फारशी दखलच घेतली गेली नाही आणि मला ते मनापासून खटकतं.

खेळ लॉन बोल्स. एक छोटा पांढरा चेंडू असतो, जॅक म्हणतात त्याला, तो आधी लांब सोडायचा आणि मग आपले मोठे चेंडू त्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे, एवढंच. लहानपणी गोट्या खेळलेल्या माणसाला लगेच कळेल. पण मोठा चेंडू पूर्ण गोल नसतो हो, त्याचा आकार एका बाजूला जरा वेगळा असतो, त्यामुळे तो सरळ जातच नाही, आणि वेग कमी झाला की जास्तच वळतो. म्हणजे जॅककडे नेम धरला तर चुकलातच, नेम भलतीकडे धरायचा आणि शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये चेंडू आपोआप आत येईल असा अंदाज बांधायचा. त्यात गवत. ब्रिटनमधल्या ओलसर गवतावर चेंडू लवकर थांबतो, जोर जास्त लावावा लागतो, आणि ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, वेगवान मैदानावर तोच जोर लावला तर चेंडू पार पुढे निघून जातो. हाताची आयुष्यभराची सवय प्रत्येक देशात बदलायची, किती कठीण असेल बघा!

वीलचा जन्म 1963 चा, इंग्लंडच्या सीमेला लागून असलेल्या प्रेस्टीन नावाच्या छोट्या गावातला. 1986 मध्ये एडिंबराच्या कॉमनवेल्थमध्ये चौघांच्या गटात वेल्सला सुवर्ण मिळालं, त्या चौघांत हा होता, वय 23. त्या स्पर्धेत आपला देश नव्हताच, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाबाबत ब्रिटिश सरकारच्या भूमिकेचा निषेध म्हणून भारतासह बत्तीस देशांनी बहिष्कार टाकला होता.

मग 2006, मेलबर्न. आता गटाचा आधार नाही, एकेरी, फायनलपर्यंत गेला आणि तिथे ऑस्ट्रेलियाच्या केल्विन कर्कोवकडून हरला. त्यांचंच गवत, त्यांचेच प्रेक्षक. चाळिशी उलटल्यावर घरच्या मैदानावरच्या माणसाकडून फायनल हरल्यावर पुन्हा चार वर्षं त्याच एका पदकासाठी खेळत राहणं, मला वाटतं त्याच्या करिअरचा खरा कस इथेच लागला, कारण एकेरीत चूक झाली तर ती वाटून घ्यायला शेजारी कुणी नसतं, चारही चेंडू तुमचेच.

आणि दिल्लीत पुन्हा फायनल, समोर पुन्हा ऑस्ट्रेलियनच, लीफ सेल्बी. या वेळी वील जिंकला. एडिंबरानंतर 24 वर्षांनी दुसरं सुवर्ण, आणि तेही अशा देशात जो पहिल्या सुवर्णाच्या वेळी स्पर्धेतच उतरला नव्हता.

आपल्याकडच्या मुलीही दिल्लीच्या त्या हिरवळीवर खेळत होत्या बरं का. त्यातली झारखंडची रूपा राणी तिर्की पुढे 2022 ला बर्मिंगहॅमच्या गेम्समध्ये लवली चौबे, पिंकी सिंग आणि नयनमोनी सैकियाबरोबर उतरली, आणि या चौघींनी फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवलं. लॉन बोल्समधलं भारताचं पहिलं पदक, आणि तेही सुवर्ण, वीलला 1986 मध्ये मिळालं होतं तसंच, चौघांच्या गटातलं.