दाजींची डबल बेल

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आहे श्वासाचे व्यायाम आणि फॅटी लिव्हर. मी गेली सव्वीस वर्षं साताऱ्यात योगाचे वर्ग घेते, त्यामुळे तुम्हाला वाटेल, ही बाई आता प्राणायामाचे गोडवे गाणार. तर आधीच सांगून टाकते, आणि पुढे पुन्हा सांगणारच आहे. नुसत्या श्वासानं लिव्हरमधली चरबी वितळत नाही. हे मला पुस्तकानं नाही शिकवलं, आमच्या दाजींनी शिकवलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत पँटचा हूक लागेनासा झाला. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढं. मूतखड्याचा संशय म्हणून सोनोग्राफी केली. खडा सापडला नाही, रिपोर्टात आलं, ग्रेड टू, म्हणजे मध्यम, फॅटी लिव्हर. दाजी खवळले. "मी दारूला कधी शिवलो नाही, आणि लिव्हर खराब कसं?" अहो, दारू लागतच नाही त्याला. गोड, मैदा, तळलेलं, बसून राहणं, कमरेचा घेर आणि मधुमेह एवढं पुरतं. लिव्हरच्या शंभरातल्या पाचाहून जास्त पेशींत चरबी साठली की डॉक्टर त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर कळत नाही.

रिपोर्ट घेऊन दाजी माझ्याकडं आले. "काहीतरी श्वासाचं सांग. चालायला मात्र सांगू नकोस, जन्मभर उभाच होतो." आणि मी, चूक माझीच, त्यांना कपालभाती शिकवली. दाजींनी ती मनावर घेतली. पहाटे साडेपाचला गच्चीवर सतरंजी, आणि अर्धा तास फस्, फस्, फस्. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा माझ्या बहिणीला विचारून गेल्या, "तुमच्या कुकरची रिंग गेलीय का हो?" अर्धा तास झाला की दाजी खाली यायचे आणि ताटलीभर पोहे, वर शेव, बशीत ओतून दोन कप चहा. बहीण काही बोलली की उत्तर ठरलेलं, "घाम गाळून आलोय."

चहावरून आठवलं. आपल्याकडं पाहुण्याला बिनसाखरेचा चहा दिला की पाहुण्याचा अपमान होतो म्हणे. दिवसात पाच घरी गेलात की पाच कप, म्हणजे दहा चमचे साखर, ती कुणी मोजत नाही. आणि लग्नातला आग्रह तर कायद्यानं बंद केला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

तीन महिन्यांनी दुसरी सोनोग्राफी. या वेळी मी सोबत होते. दाजी उपाशीपोटी, पण ऐटीत. आत गेले, शर्ट वर केला, डॉक्टरांनी बरगडीखाली तो गार जेल लावला आणि म्हणाल्या, "श्वास आत घ्या... धरा." दाजींनी छाती फुगवली आणि धरला. डॉक्टरांनी यंत्र फिरवलं, फोटो काढले. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली म्हणून त्या दाराशी गेल्या. बोलत राहिल्या. मी पडद्याजवळ उभी. बघते तर दाजींचा चेहरा आधी तांबडा, मग जांभळा, डोळे छताकडं, गाल फुगलेले. मी ओरडले, "दाजी, सोडा की!" दाजींनी हातानंच मला गप्प केलं. डॉक्टर पळत आल्या, "अहो सोडा, सोडा श्वास!" तेव्हा कुठं भस्सकन सोडला, आणि इतका जोरात खोकले की जेलची बाटली खाली पडली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "धरून कशाला बसलात?" दाजी म्हणाले, "बाईंनी धरा म्हणून सिंगल बेल दिली. डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नसते." एकतीस वर्षांची शिस्त!

रिपोर्ट? ग्रेड टू. होता तसाच. आणि वजन चौऱ्याऐंशीचं पंच्याऐंशी.

आता गंमत अशी की त्या 'धरा'मध्येच आपल्या विषयाचं अर्धं उत्तर आहे. लिव्हर उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड बसलेलं असतं, त्याच्या डोक्यावर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा. खोल श्वास घेतला की पटल खाली येतं आणि लिव्हरला खाली ढकलतं, मग ते यंत्राला नीट दिसतं. म्हणजे श्वासानं लिव्हर हलतं, हे खरं. पण लिव्हर हलणं वेगळं आणि त्यातली चरबी कमी होणं वेगळं. खोल श्वासानं 'लिव्हरचा मसाज' होतो आणि चरबी जाते, असे मोबाईलवर फिरणारे निरोप हीच गल्लत करतात.

आपल्या महाराष्ट्रातच योग मोजून तपासण्याची उत्तम परंपरा आहे, म्हणून एक मिनिट घेते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था सुरू केली. उड्डियान, नौली या पोट आत ओढण्याच्या आणि फिरवण्याच्या क्रिया करताना पोटात नेमकं काय होतं, हे बघायला त्यांनी क्ष-किरण लावले, दाब मोजले. आधी मोजायचं, मग बोलायचं. हल्ली आधी बोलतात आणि मोजायचं राहूनच जातं.

बरं, मग चरबी जाते कुठं? हे ऐकून मी स्वतः चाट पडले होते. ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला. दहा किलो चरबी शरीरानं पुरती जाळली, तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांवाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. ऐकलंत ना? चरबी श्वासावाटेच जाते! दाजींना सांगितलं तर म्हणाले, "मग मी करत होतो ते बरोबरच होतं की." नाही दाजी. श्वास ही धुराडी आहे. चुलीत लाकूड जळलं तर धूर येणार. चूल थंड ठेवून धुराडीत फुंकर मारली तर काय होणार? चूल पेटते पायांनी. पुन्हा सांगते, चूल पेटते पायांनी आणि ताटात कमी वाढून घेतल्यानं.

म्हणून डॉक्टर ज्यावर भर देतात ते वजन. जास्त वजन असलेल्यानं पाच टक्के कमी केलं तरी लिव्हरमधली चरबी उतरायला लागते. सात ते दहा टक्के उतरवलं तर सूजही कमी होते. आठवड्याला दीडशे मिनिटं दमदार चाल. दमदार म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, अशी.

मग श्वासाचं काम काय? आहे ना. सावकाश श्वासानं मन निवतं, घाईघाईनं खाणं थांबतं. जेवायला बसलात की ताटाला हात लावण्याआधी दहा श्वास. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, नाकानं, जोर न लावता. माझ्या वर्गातल्या बायका सांगतात, तेवढ्यानं दुसरी वाढ घेणं सुटतं. कपालभाती मात्र रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन आणि गरोदरपण, यांत करू नका. आणि झोपेत कुणी मोठ्यानं घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. त्या आजाराचा फॅटी लिव्हरशी संबंध आहे, आणि तो प्राणायामानं झाकायचा नसतो. काढ्यांचंही तेच. गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर वादही झाला. पण लिव्हर आधीच कुरकुरत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही उकळून पिऊ नये, असं मी सांगते.

दाजींचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. सतरंजी गुंडाळली आणि ते अजिंक्यताऱ्याच्या चढाला लागले. पहिल्या दिवशी तिसऱ्या वळणावर बसले. मी शिकवलं, चार पावलांत श्वास आत, चार पावलांत बाहेर, आणि मोजणी चुकली की वेग कमी. तिकिटं मोजलेला माणूस, मोजणी त्यांना लगेच जमली. पोहे उरले एक वाटी, शेव बंद, चहात साखर अर्धा चमचा. त्या अर्ध्या चमच्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. दहा महिन्यांनी वजन सत्त्याहत्तर, आणि रिपोर्टात ग्रेड वन. तिसऱ्या सोनोग्राफीला डॉक्टर आधीच म्हणाल्या, "काका, मी सोडा म्हटलं नाही तरी सोडा हं."

काचेपलीकडून आमच्या ताई हात दाखवताहेत. मला सिंगल बेल मिळालीय. नमस्कार.