पंप घेता येतो ना?

दम्याच्या पेशंटला मी विचारतो, "पंप घेता येतो ना?" उत्तर ठरलेलं: "येतो की, डॉक्टर!" मग मी औषध नसलेला पंप हातात देतो. घेऊन दाखवा म्हणतो. कुणी तो हलवतच नाही, कुणी आधी श्वास सोडत नाही, कुणाचा फवारा जिभेवरच संपतो. दहा सेकंद श्वास धरून ठेवणारे फार थोडे. एक आजोबा तर यंत्रात घालून ओढायची पावडरची कॅप्सूल दोन महिने पाण्याबरोबर गिळत होते. न चुकता, बरं का! "औषध वेळेवर घेता का?" या प्रश्नाला त्यांचं "हो" अगदी खरं होतं.

म्हणून 'किती कळलंय' आणि 'किती जमेल असं वाटतं' या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. जमेल असं वाटण्याचा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडला. पुढे 1993 मध्ये दम्यासाठी 60 प्रश्नांची एक प्रश्नावली आली. वीस प्रश्न माहितीचे, वीस दृष्टिकोनाचे, वीस 'मला जमेल' या भरवशाचे. आपल्या ओपीडीत साठ प्रश्न कोण विचारणार? तिथे पाच प्रश्नांची दमा नियंत्रण चाचणी चालते. गेल्या चार आठवड्यांचा हिशोब, 25 पैकी गुण, 19 किंवा कमी म्हणजे दमा काबूत नाही. पण ती दमा मोजते, माणसाची समज नाही.

बरं, भरवसा मोजायला जावं तर पेशंट म्हणतो, "तुम्ही आहात ना!" हे काही उत्तर नव्हे. त्यापेक्षा प्रसंग द्यावा: रात्री दोन वाजता धाप लागली, घरात तुम्ही एकटे. कोणता पंप घ्याल? दवाखाना कधी गाठाल? इथे खरी गंमत कळते. सगळा विश्वास निळ्या पंपावर, कारण तो लगेच मोकळं करतो. सूज उतरवणारा रोजचा पंप घेतल्यावर काहीच जाणवत नाही, शिवाय 'सवय लागते' ही भीती. म्हणून तोच आधी सुटतो. नुसत्या निळ्या पंपावर राहू नका, असं दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'जिना' (GINA) या संस्थेने 2019 मध्ये स्पष्टच सांगितलं. पण विश्वास चुकीच्या जागी बसला की तो माहितीपत्रक देऊन हलत नाही.

छापील प्रश्नावलीत न सापडलेला एक प्रश्न मी स्वतः घातलाय: "लग्नकार्यात, चारचौघांत पंप काढाल का?" माहितीचे सगळे प्रश्न बरोबर सोडवलेली एक नवी सून इथे अडली. म्हणाली, "पर्समध्ये असतो, सर. बाथरूममध्ये जाऊन घेते."

तिला विचारून मी बाहेर बसलेल्या सासूबाईंना आत बोलावलं आणि तो रिकामा पंप आधी त्यांच्या हातात दिला.