दोन नर, एक पिंजरा

श्रोतेहो, नमस्कार.

दोन उमदे गोऱ्हे एकाच दावणीला बांधले तर काय होतं, हे आपल्या खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही. पण ओंजळीत मावणारे दोन गिनी पिग एकमेकांवर धावून जातात, तेव्हा घरातली माणसं गांगरतात. मीही गांगरलो होतो. नर-मादी म्हणून विकत आणलेली माझी जोडी घरी आल्यावर दोन्ही नर निघाली. एक भुऱ्या, एक काळ्या.

तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत दोघं एकाच ताटलीत खात. मग एके दिवशी काळ्या ढुंगण डोलवत, एकेक पाय जपून टाकत भुऱ्याभोवती फिरू लागला. दूरवर पिठाची गिरणी चालू असावी तशी त्याच्या अंगातून घरघर येत होती. तो मागून भुऱ्याच्या अंगावर चढायचा, त्याचा पाठलाग करायचा. माझ्या भाच्याने विचारलं, “मामा, ह्या दोन्ही भाऊ शेतस ना, मंग काबरं भांडतस?”

तर ते भांडण नव्हतं. मोठा कोण आणि धाकटा कोण, हे ठरत होतं. नर वयात येतात तेव्हापासून साधारण सव्वा वर्षाचे होईपर्यंत हे अधूनमधून चालतं. घरघर, पाठलाग, अंगावर चढणं, नाक वर करून हनुवटी ताणणं, एखादा केसांचा पुंजका उपटणं, एवढ्यावर हात घालू नका. दर वेळी त्यांना वेगळं केलं, की पुन्हा एकत्र आल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. खाली दबलेला नर बाजूला होतो, कुईकुई करतो आणि पाच मिनिटांनी दोघं शेजारी बसून गवत चघळतात. असं होत असेल तर त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आता दुसरी बाजू नीट ऐका. दात कडकड वाजायला लागले, मानेवरचे केस उभे राहिले, तोंड वासून दात दाखवले आणि दोघं समोरासमोर थिजून उभे राहिले, की पुढच्या क्षणी झेप पडते. दोघांचा एकच गोळा होऊन लोळायला लागतो. त्यात हात घालू नका. मी घातला होता, आणि अंगठ्यावरची खूण आजही आहे. जाड टॉवेल टाका किंवा केराची सुपली मध्ये सरकवा. नंतर दोघांना तपासा: कान, ओठ, पाठ, मागची बाजू. दाट केसांत दाताचं छोटं भोक दिसत नाही आणि काही दिवसांनी तिथे गळू होतं. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन पशुवैद्यांकडे न्या. घरातलं अमॉक्सिसिलीन मात्र कधीच देऊ नका. आपल्याला चालणारं हे औषध गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि त्यात जनावर दगावतं.

आमच्याकडे रक्त निघालं ते मे महिन्यात. आपल्याकडे तेव्हा पारा 45 च्या आसपास असतो, आणि गिनी पिगला 26-27 अंशांच्या वर त्रास सुरू होतो. बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मी पिंजऱ्यात ठेवायचो. एकच बाटली. काळ्या तिला टेकून बसायचा आणि भुऱ्याला जवळ येऊ द्यायचा नाही. दोन दिवस मी हे पाहत होतो, पण त्याचा अर्थ मला कळला नाही. तिसऱ्या दुपारी भुऱ्याचा कान फाटला.

म्हणून दोन नर असतील तर प्रत्येक वस्तू दोन हवी, आणि ती दोन टोकांना. दोन पाण्याच्या बाटल्या, दोन गवताचे ढीग, उन्हाळ्यात दोन गारव्याच्या जागा. लपायच्या खोक्याला दोन दारं हवीत, नाहीतर आत कोंडलेल्याला पळायला वाट उरत नाही. जागा दहा चौरस फुटांपेक्षा कमी नको. दुकानात मिळणारे बहुतेक पिंजरे यासाठी अपुरे पडतात. त्यापेक्षा जाळीच्या चौकटी जोडून खोलीचा एक कोपरा अडवा. त्याच खोलीत मादी ठेवू नका, नुसत्या वासाने नर बिथरतात. तिसरा नरही आणू नका. पिंजरा धुताना जुन्या गवताची एक मूठ परत टाका. स्वतःचा वास पूर्ण गेला की ते पुन्हा हद्द आखायला घेतात. खच्ची केल्याने पिल्लं थांबतात, पण ही चढाओढ सहसा थांबत नाही.

आणि एकदा खोल चावा घेऊन रक्त काढलं, की ती जोडी पुन्हा एकत्र करायचा हट्ट सोडा. “भाऊच आहेत, होतील गोड” असं मलाही अनेकांनी सांगितलं. मी ऐकलं नाही, ते बरं झालं. पण त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत टाकू नका. कळपात राहणारं जनावर आहे, एकटं पडलं की झुरतं. मी मध्ये बारीक जाळी उभी केली.

आज भुऱ्या अलीकडे असतो, काळ्या पलीकडे. सकाळी कोथिंबिरीची जुडी सोडली, की दोघं एकाच वेळी शिट्ट्या मारत उठतात. आणि दुपारी, दोन्हीकडे गार बाटल्या असूनही, जाळीला पाठ लावून निजतात, पाठीला पाठ.