कृष्णाकाठचे खिद्रापूर

श्रोतेहो, नमस्कार. कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, पन्हाळा आणि जोतिबा करतो आणि परततो. आपण कोल्हापूरकरही पूर्वेकडे निघालो, तर बहुतेक वेळा नृसिंहवाडीला दत्तदर्शन घेऊन, बासुंदीची बरणी हाती धरून माघारी फिरतो. तिथून कुरुंदवाडमार्गे थोडे पुढे, राज्याची हद्द जिथे संपते त्या खिद्रापूरसाठी सबंध एक दिवस राखून ठेवावा, एवढीच आज माझी विनंती आहे.

शिलाहारांच्या राजवटीत, बाराव्या शतकात उभे राहिलेले येथील कोपेश्वर मंदिर घाईने पाहून होत नाही. आत शिरताच लागतो तो स्वर्गमंडप. त्याच्या छताला मधोमध वर्तुळाकार मोकळीक ठेवलेली आहे आणि बरोबर तिच्याखाली तेवढ्याच व्यासाची अखंड गोल शिळा जमिनीत बसवलेली आहे. भोवतीच्या अठ्ठेचाळीस खांबांपैकी आतले बारा खांब ही मोकळीक वेढून उभे आहेत. त्या शिळेवर उभे राहून वर पाहावे, म्हणजे दगडाच्या एवढ्या भाराखाली इतका उजेड कसा खेळवला, याचे मनापासून नवल वाटते. बाहेरच्या भिंतींचा भार पाठीवर पेलणाऱ्या हत्तींच्या रांगेसाठीही वेळ ठेवावा; त्यांतील कित्येकांची मोडतोड झालेली पाहून मन खरोखर खंतावते. दक्षिण बाजूला यादव राजा सिंघण याचा देवनागरीतील शिलालेख आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी शिलाहारांची सत्ता संपून हा प्रदेश यादवांकडे गेला, तरी देवस्थानाला राजाश्रय मिळत राहिला, हे त्यावरून कळते.

शिवमंदिर असूनही येथे नंदी नाही. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, मागे कोपलेल्या शंकराला शांत करण्यासाठी विष्णू आले, अशी कथा गावात सांगतात. म्हणूनच गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी धोपेश्वर, म्हणजे विष्णू, आहे. तो नंदी कर्नाटकातील यडूर येथे असल्याचेही सांगितले जाते. एका देवस्थानाची कथा अशी दोन राज्यांत पसरलेली आहे. मंदिरानंतर नदीकाठी अवश्य जावे. गावाला जवळजवळ वळसा घालून जाणारी कृष्णा, तिच्या गाळाने पोसलेली काळी जमीन, दूरवर पसरलेला ऊस हे पाहिले की येथे एवढे वैभव का उभे राहिले, ते उमगते. मात्र हीच कृष्णा २००५, २०१९ आणि २०२१ साली शिरोळ तालुक्यातील गावागावांत शिरली होती. ज्यांनी तेव्हा जनावरे सोडवून घर सोडले, अशी माणसे आजही त्याच काठावर शेती करतात. पाहुण्याने त्यांच्या पारावर चार घटका बसावे, त्यांचे ऐकावे.

गावातील आदिनाथांचे जैन मंदिरही चुकवू नये. पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जाण्याचा धोका असतो. तेव्हा दिवाळीनंतर निघावे, आणि जमल्यास त्रिपुरी पौर्णिमा गाठावी. त्या रात्री चंद्र स्वर्गमंडपाच्या मोकळिकीवर येतो, तो पाहण्यासाठी गर्दी होते, म्हणून मंदिर नीट न्याहाळायचे असेल त्यांनी दुपारीच पोहोचावे.