‘पिक अप’ आणि आपलं ‘उचलणे’

मंडळी, ‘पिक अप’चे अर्थ आणि ते ओळखायची रीत, असा विषय जाहीर झालाय. रीतीकडे येतोच, पण आधी आपल्या ‘उचलणे’कडे बघू. बाळानं खेळणं उचललं. फोन उचलला. आजोबांची लकब उचलली. खर्च उचलला, पाऊल उचललं. आणि जुन्या दुखण्यानं पुन्हा उचल खाल्ली! यातल्या एकासाठी तरी कुणी शब्दकोश उघडला का? शेजारचा शब्द कळला की अर्थ कळतो. मग इंग्रजी शिकताना याच माणसांच्या हाती ‘पिक अप’च्या दहा अर्थांची यादी का देतात? याचा मला मनापासून राग आहे. यादीत अर्थ येतात, पण त्यांचे शेजारी घरीच राहतात.

शेजारी बदलून बघा. पिक अपपुढे बॅग आली, तर उचलली. मुलं आली, तर गाडीतून घ्यायला गेलो. संसर्ग आला, तर तो झाला. रेडिओनं सिग्नल पिक अप केला, तर पकडला. आणि ‘ही पिक्ड अप फ्रेंच’ म्हणजे कानावर पडून पडून त्याला फ्रेंच यायला लागली. वर्गात बसून, व्याकरण घोकून, परीक्षा देऊन शिकला असेल, तर तिथे ‘लर्न’च हवं. मराठीतही मूल भाषा उचलतं. क्रमिक पुस्तक कुणी उचलत नाही, म्हणजे दप्तरात भरायचं सोडून! अर्थाची ही कड यादीत कधीच सापडत नाही.

बरं, कानाचीही एक अडचण आहे. ‘पिक्ड अप’मधला शेवटचा ‘ड’ बोलताना ‘ट’ होतो आणि पुढच्या ‘अप’ला चिकटतो: ‘पिक्टप’. ‘पिक इट अप’ होतं ‘पिकिटप’. पहिला भूतकाळ, दुसऱ्यात ‘इट’ दडलेलं. फरक एवढ्याशा ‘इ’चा. तो निसटला की ऐकणारा अर्थ शोधत बसतो आणि पुढचं वाक्य निघून जातं. दोन्ही पाठोपाठ मोठ्यानं म्हणून बघा.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा रीत भरभर सांगतो.

आधी कर्म आहे का बघा. ‘सेल्स पिक्ड अप’, ‘द विंड पिक्ड अप’ यांत कर्मच नाही. विक्री वाढली, वारा वाढला. कर्म असेल, तर ते माणूस आहे, वस्तू आहे की भाषा-सवय, ते बघा. कर्म सर्वनाम असेल, तर ते मध्येच बसतं: ‘पिक हिम अप’. ‘पिक अप हिम’ चूक. नाम दोन्हीकडे चालतं, पण लांबलचक असेल तर शेवटी ठेवा. ‘अप’नंतर आणखी शब्द आला, तर अर्थ पुन्हा बदलतो: ‘पिक अप ऑन’ म्हणजे बारीक गोष्ट हेरणं, ‘पिक अप आफ्टर’ म्हणजे दुसऱ्यानं केलेला पसारा आवरणं. आणि वहीत ‘पिक अप’ एकटं लिहू नका. ‘पिक अप अ हॅबिट’, ‘पिक अप द किड्स’ असं शेजाऱ्यासकट लिहा.